छात्राध्यापकांवरील ताण आणि समाजाचे कर्तव्य

(वर्षावास व्याख्यानमालेत विंचूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात धम्मावर प्रवचने होतात आणि ती व्हायलाच हवीत. आज मात्र संयोजकांनी थोडा निराळा विषय आमच्याकडे सोपविला आहे. कोरोनाच्या काळात विद्यापीठाचे शिक्षण एकाएकी ऑनलाइन झाले. त्या वेळी शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मनावर जो ताण आला, त्याविषयी आम्ही बोलावे, असे त्यांचे सांगणे आहे. हा विषय धम्माच्या बाहेरचा नाही, असे आम्हास वाटते. जगात दुःख आहे हे मान्य करणे आणि ते नाहीसे करण्याचा मार्ग शोधणे, हाच धम्माचा पाया आहे, असे बाबासाहेबांनी आपल्याला समजावून दिले आहे. मग दुःख आपल्याच वस्तीतल्या पोरांचे असेल, तर त्याची चर्चा विहारात करायची नाही तर कोठे करायची?

कोणी म्हणेल, ‘कोरोना गेला, आता ते उगाळून काय उपयोग?’ परंतु त्या दोन वर्षांत बी.एड. आणि डी.एल.एड. झालेली मुले आज कोठे आहेत, ते पाहा. काही जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. काही खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवीत आहेत. काही पदवी ट्रंकेत ठेवून द्राक्षबागेत आणि कांद्याच्या खळ्यावर कामाला जातात. जी शाळेत आहेत, त्यांच्या वर्गात अशीही मुले आली, की ज्यांची पहिली आणि दुसरी घरी बसूनच गेली. मुलांशिवाय शिकवायला शिकलेले शिक्षक आणि शिक्षकाशिवाय अक्षर गिरवलेली मुले अशी एका वर्गात समोरासमोर आली. म्हणून हा विषय जुना झालेला नाही.

आधी काय घडले ते थोडक्यात आठवू. मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागली. येवल्याकडे किंवा नाशिककडे एस.टी.ने जाऊन शिकणारी आपली मुले घरी परत आली. काहींची पुस्तके होस्टेलच्या खोलीतच राहिली. पुढे फोनवर लिंक येऊ लागल्या, व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊ लागल्या आणि वर्ग भरला असे जाहीर झाले. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावी की नाही, यावर राज्य शासन आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांचे एकमत होईना. ६ जुलै २०२० रोजी आयोगाने परीक्षा घ्यावीच असे कळविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, मात्र राज्यांना मुदत वाढवून मागता येईल, असा निर्णय २८ ऑगस्टला आला. आणि ऑक्टोबरमध्ये राज्यातील विद्यापीठांच्या परीक्षा बहुतांशी ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या. म्हणजे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी रोज सकाळी उठून एकच प्रश्न विचारीत होता: ‘परीक्षा आहे की नाही?’ ज्या परीक्षेचा दिवस ठाऊक असतो तिचे भय वाटते, पण अभ्यास करता येतो. जिचा दिवसच ठाऊक नाही तिचा अभ्यासही होत नाही आणि विश्रांतीही मिळत नाही.

हा त्रास सगळ्याच विद्यार्थ्यांना झाला. मग आपण छात्राध्यापकांचा वेगळा विचार का करतो? कारण त्यांचे शिक्षण वेगळे आहे. इतिहास किंवा वाणिज्य पुस्तकातून पुष्कळसे शिकता येते. शिकवणे मात्र शिकवूनच शिकावे लागते. आधी सूक्ष्म अध्यापन, मग सेतू पाठ, मग शाळेतले सराव पाठ आणि शेवटी शालेय आंतरवासिता, अशी ती चढण आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हा दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत काढले पाहिजेत, असे ठरले. त्यामागचा विचार योग्यच होता. पाठ टाचण कितीही सुरेख लिहिले, तरी पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावरचे पोर खिडकीबाहेर पाहू लागले की टाचण संपते आणि शिक्षक सुरू होतो. त्या क्षणी काय करायचे, हे कोणत्याही पीडीएफमध्ये लिहिलेले नसते.

परंतु शाळाच बंद होत्या. ग्रामीण भागातले पाचवीपासून बारावीपर्यंतचे वर्ग राज्यभर ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडले, आणि पहिली ते चौथीच्या मुलांना तर बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२१ उजाडला. मग सराव पाठ कोणासमोर घ्यायचे? बऱ्याच ठिकाणी सहाध्यायांनाच विद्यार्थी मानून गूगल मीटवर पाठ झाले. तेवीस-चोवीस वर्षांचे मित्र-मैत्रिणी सातवीतली मुले झाली, म्यूट करून बसली आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबरच देऊ लागली. चुकीचे उत्तर देणारे मूल नाही, गोंधळ नाही आणि डोळ्यात डोळे घालून पाहणे नाही. काहींनी घराच्या भिंतीला काळा कागद चिकटवून त्याचा फळा केला आणि भावाच्या हातात फोन देऊन पाठाचे चित्रण केले. मध्येच कोंबडा आरवला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या जिद्दीचे आम्हास कौतुक वाटते. पण त्या मुलांच्या मनात एक शंका घर करून राहिली, ‘उद्या खरा वर्ग समोर आला, तर मला शिकवता येईल का?’ हा ताण इतर कोणत्याही विद्यार्थ्याला नव्हता. तो केवळ भावी शिक्षकाचा होता.

आता घरातली बाजू पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत असे दिसले होते, की भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी शंभरात सुमारे १५ कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती आणि संगणक तर शंभरात चार-पाच घरांत होता. आपल्या वस्तीत चित्र कसे होते ते तुम्ही जाणताच. घरात चांगला फोन एकच. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाणार. धाकट्या भावाचा शाळेचा अभ्यास त्याच फोनवर येणार. ताईचा तास दहाला, भावाचा तासही दहाला. रेंज घरात येत नाही म्हणून गच्चीवर किंवा बांधावरच्या झाडाखाली जाऊन बसायचे. हजेरी लागेपर्यंत आवाज तुटला तर ‘गैरहजर’. रोजंदारी बंद, लासलगाव आणि विंचूरच्या बाजाराचे रोजचे चक्र थांबत-अडखळत चाललेले, अशा दिवसांत नेटपॅकसाठी घरी पैसे मागायचे म्हणजे जिभेवर दगड ठेवण्यासारखे होते.

मुलींचे ओझे याहून जड होते. कॉलेजला जाणारी मुलगी सकाळी घराबाहेर पडली की ती विद्यार्थिनी असते. घरात बसून शिकणारी मुलगी कोणालाही विद्यार्थिनी वाटत नाही. ‘ऑनलाइन आहे म्हणजे रिकामीच आहे,’ असा सर्वांचा समज. एका कानात हेडफोन आणि हातात भाकरीचे पीठ, अशा अवस्थेत शैक्षणिक मानसशास्त्राचे तास ऐकलेल्या मुली आम्हास माहीत आहेत. उन्हाळ कांद्याच्या काढणीत फोन ओच्यात ठेवून लिंक उघडलेल्याही माहीत आहेत. त्यातच ‘कॉलेज बंदच आहे तर लग्न उरकून टाकू’ हा विषय घरात निघायचा. मुलीने पुस्तक उघडले की अभ्यासाआधी तिला आपले शिक्षण टिकवण्याची चिंता करावी लागे.

याच्या मागे आणखी एक मोठी चिंता उभी होती, नोकरीची. एक काळ असा होता, की डी.एड. झाला म्हणजे घर उभे राहिले असे आपल्या समाजात म्हणत. अनेक घरांतला पहिला पगार शिक्षकाचाच होता. २०१२ नंतर राज्यातील शिक्षकभरती बराच काळ रखडली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली. १९ जानेवारी २०२० ला ही परीक्षा झाली आणि त्यानंतरची थेट २१ नोव्हेंबर २०२१ ला. पुढच्याच महिन्यात आधीच्या परीक्षांतील गैरव्यवहार उघडकीस आला आणि २०२२ मध्ये सात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. ज्याने प्रामाणिकपणे अभ्यास केला, त्याच्या मनावर या बातमीचा काय परिणाम झाला असेल? शिक्षणासाठी कर्ज काढलेले, शिष्यवृत्तीची रक्कम यायची बाकी, आणि पुढे नोकरी मिळेल याची खात्री नाही. झोप न येणे, डोके दुखणे, जेवण नकोसे होणे, फोन वाजला की छातीत धडधडणे, कारण नसताना आईवर ओरडणे आणि मग एकटे रडणे. या तक्रारी आमच्यासमोर आल्या तेव्हा घरचे म्हणत, ‘पोरगं मनाचं हळवं आहे.’

बंधू-भगिनींनो, येथे आमचे मुख्य म्हणणे आहे. हा दोष पोरांच्या मनाचा नव्हता. भगवान बुद्धांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकविला. कारणाशिवाय काही घडत नाही. एका घरात एक फोन असणे, बसायला जागा नसणे, समोर मूल नसताना शिकवायला लागणे, परीक्षेची तारीख नसणे आणि भरतीचा भरवसा नसणे, ही त्या ताणाची कारणे होती. जो ताण नशिबाने किंवा पूर्वकर्माने आला असे आपण म्हणू, त्यापुढे हात जोडून बसावे लागेल. ज्याची कारणे मोजता येतात, तो कमीही करता येतो.

काही लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, ऑनलाइन शिक्षण हेच वाईट, फोन हाच शत्रू. तेही आम्हास पटत नाही. दूर राहून शिकणे म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी आपल्याच जिल्ह्यात स्थापन झाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ज्यांना रोज महाविद्यालयात जाणे शक्य नाही, अशा कष्टकऱ्यांना, गृहिणींना आणि नोकरदारांना या विद्यापीठाने पदवीपर्यंत नेले. तेथे दूरशिक्षणाची तयारी आधी केली जाते. स्वतःहून वाचता येईल अशी पुस्तके लिहिली जातात, अभ्यासकेंद्रे असतात, ठरलेल्या दिवशी संपर्कसत्रे होतात आणि शंका विचारायला समोर माणूस असतो. त्यांचे बी.एड. हे सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. त्या विद्यार्थ्यासमोर रोज खरा वर्ग असतो. रात्री वाचलेले तो सकाळी करून पाहतो. २०२० साली यातले काहीच हाताशी नव्हते. समोरासमोर शिकवण्यासाठी केलेला अभ्यासक्रम आठवडाभरात फोनमध्ये कोंबला गेला. तेव्हा दोष अंतराचा नव्हता, आधाराशिवाय लादलेल्या अंतराचा होता.

हा फरक आजही महत्त्वाचा आहे, कारण ऑनलाइन शिक्षण आता जाणार नाही. ‘स्वयम्’ मंचावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ऑनलाइन मिळविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये परवानगी दिली आहे. अर्ज, शिष्यवृत्ती, पात्रता परीक्षा, पवित्र पोर्टलवरील भरती, सारे काही पडद्यावर आहे. पडद्यामागे माणूस उभा करणे हे काम मात्र समाजाला करावे लागेल.

ते काम कसे असते, याचा दाखला बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. बाबासाहेब हायस्कुलात असताना परळच्या डबक चाळीत सारे कुटुंब एका खोलीत राहत होते. दाटीमुळे अभ्यासाला जागा नव्हती. वडील सुभेदार रामजी त्यांना आधी झोपवीत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवीत, म्हणजे खोली शांत असे. संध्याकाळी बाबासाहेब चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत. त्या बागेत विल्सन हायस्कुलातील एक शिक्षक, कृष्णाजी अर्जुन केळूसकर, फिरायला येत. रोज वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पाहिला, त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळविण्याच्या कामीही त्यांनी मदत केली.

या हकिकतीत तीन गोष्टी आहेत. घरात वेळ आणि शांतता राखून देणारा बाप आहे. बसायला एक बाग आहे. आणि न सांगता विचारपूस करणारा एक शिक्षक आहे. बाबासाहेबांची बुद्धी अलौकिक होती, यात वाद नाही. पण त्या बुद्धीलाही या तीन गोष्टी लागल्या. मग आपल्या साध्या पोरांना त्या नकोत काय?

म्हणून काही सूचना आम्ही संस्थेच्या सभासदांपुढे ठेवतो. त्या खर्चिक नाहीत.

पहिली सूचना जागेची. आपले विहार दिवसाचा बराच वेळ बंद असते. तेथे चार टेबले, दिवे, पंखा आणि इंटरनेटची जोडणी केली, तर ती अभ्यासिका होईल. संध्याकाळचे दोन तास फक्त मुलींसाठी राखावेत आणि त्या वेळी एखाद्या ज्येष्ठ उपासिकेने तेथे बसावे, म्हणजे घरच्यांना काळजी राहणार नाही.

दुसरी सूचना सरावाची. वस्तीतल्या तिसरी ते सातवीच्या मुलांचा रविवारी सकाळी एक वर्ग भरवावा. तो वर्ग छात्राध्यापकांनी घ्यावा. आपल्यात सेवानिवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी मागे बसून निरीक्षण करावे. पाठ संपल्यावर आधी काय चांगले झाले ते सांगावे आणि मग काय सुधारावे ते. यात मुलांचे वाचन सुधारेल, छात्राध्यापकाची भीड चेपेल आणि निवृत्त गुरुजींचा अनुभव वाया जाणार नाही. जे २०२० आणि २०२१ मध्ये खऱ्या वर्गाला मुकले आणि आजही चाचपडत आहेत, त्यांनीही येथे यावे. त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. सावित्रीबाईंनीसुद्धा शिक्षिका म्हणून उभे राहण्यापूर्वी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते.

तिसरी सूचना कागदपत्रांची. भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, जात पडताळणी, आधारशी जोडलेले बँक खाते, यांत एक अक्षर चुकले की वर्ष जाते. ज्यांना हे जमते अशा दोन-तीन सभासदांनी अर्जाच्या मोसमात आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. अर्ध्या चिंता एका बरोबर भरलेल्या फॉर्मने मिटतात.

चौथी सूचना ऐकण्याची. मूल गप्प झाले, रात्र-रात्र जागे राहू लागले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ‘नाटके करू नको’ असे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला एकटे सोडू नका. मनाच्या डॉक्टरकडे वेडेच जातात, हा समज सोडून द्या. ताप आला की दवाखान्यात जातो तसेच हे आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राजगृहाजवळ तो साधना करीत होता. चालून-चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मन स्थिर होईना. तेव्हा सारे सोडून घरी परतावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला वीणेच्याच भाषेत विचारले. तार फार ताणली तर ती वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? सोण उमजला. त्याने प्रयत्न सोडला नाही, प्रयत्नाचे माप बदलले. तुम्हीही ते करा. सतत पडद्यासमोर बसणे म्हणजे अभ्यास नव्हे. ठरलेल्या वेळी बसा, ठरलेल्या वेळी उठा, झोप मोडू नका. दोघा-तिघांनी मिळून अभ्यास करा. कल्याणमित्र असणे म्हणजे अर्धे नव्हे, तर संपूर्ण श्रेष्ठ जीवनच होय, असे भगवंतांनी आनंदाला सांगितले होते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये शंभर जण असतात. त्यांतला कल्याणमित्र कोण, हे ओळखा आणि त्याला अडचण बोलून दाखवा.

मात्र वीणेचा दृष्टान्त समाजानेही ऐकायचा आहे. तार किती ताणायची हे एकट्या तारेच्या हातात नसते. एका मुलाला एकाच वेळी नोकरी, कर्ज, परीक्षा आणि साऱ्या घराची आशा यांचे ओझे देऊन वर ‘धीर धर’ म्हणणे, हा धम्म नव्हे.

आणि जे आज शिक्षक आहेत, त्यांना एवढेच सांगणे, की तुम्ही जे सोसले ते वाया जाऊ देऊ नका. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आचार्यांची शिष्यांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नीट शिकवावे, नीट समजेल असे करावे, विद्या राखून ठेवू नये, शिष्याचा चारचौघांत गौरव करावा आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. यातले शेवटचे कर्तव्य तुम्हाला इतरांहून अधिक कळेल. तुमच्या वर्गातले एखादे मूल मागे पडले असेल, गप्प असेल, पुस्तक न आणता येत असेल, तर ते आळशी आहे असे ठरविण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा जाऊन या. आवाज तुटल्यामुळे गैरहजर ठरणे म्हणजे काय, हे तुम्ही स्वतः अनुभवले आहे.

येथून जवळच येवला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्या भूमीत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या व्यवस्थेत आपल्याला माणूस म्हणून जागा नाही ती निमूटपणे सोसायची नाही, हा त्या घोषणेचा अर्थ. आपली मुले शिकताना एकटी पडणार नाहीत, एवढी व्यवस्था आपण आपल्या विंचुरात करू शकतो. अभ्यासिकेच्या कामासाठी नावे देण्याची वही सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे. ज्यांना पैसे देता येतील त्यांनी पैसे द्यावेत, ज्यांना वेळ देता येईल त्यांनी वेळ द्यावा. वेळेची गरज अधिक आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!